फटीतला वारा

बंद दार पूर्ण बंद नसते. ते चौकटीत मोकळे फिरावे म्हणून सुतार चारही बाजूंनी थोडी जागा सोडतोच. पुढे लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते आणि आटते, बिजागऱ्या झिजतात, चौकट धरून ठेवणारी भिंत किंचित खचते आणि ती जागा रुंदावते. ९० सेंटिमीटर रुंद आणि २१० सेंटिमीटर उंच दाराचा घेर ६ मीटर भरतो. त्याच्याभोवती नुसती ३ मिलिमीटरची फट राहिली तरी तिचे क्षेत्रफळ १८० चौरस सेंटिमीटर होते. दाराच्या मधोमध साडेतेरा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी भोक पाडले तर तेही एवढेच भरेल. असे भोक कोणी एक रात्रही तसे राहू देणार नाही. तेवढीच जागा चौकटीभोवती वाटली गेली की मात्र ती वर्षानुवर्षे कोणाला खटकत नाही. थंड मुलुखांत पैसे मोजून तापवलेली हवा दर हिवाळ्यात घराघरांतून याच वाटांनी बाहेर जाते.

फट असली म्हणजे हवा वाहतेच असे नाही. तिच्या दोन अंगांना दाब वेगळा असावा लागतो. हा फरक तीन कारणांनी पडतो. पहिले कारण वारा. सेकंदाला ५ मीटर वेगाचा, म्हणजे झाडाची डहाळी हलवणारा साधा वारा समोरच्या भिंतीवर सुमारे १५ पास्कलचा दाब देतो आणि मागच्या भिंतीवरून हवा ओढून घेतो. दुसरे कारण घरातले पंखे. स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. तिसरे कारण थंड देशांत सर्वांत महत्त्वाचे आहे, ते म्हणजे आतल्या-बाहेरच्या तापमानातले अंतर. तापलेली हवा हलकी असते. ती वर चढते, छपराजवळच्या फटींतून निघून जाते आणि तिची जागा भरायला तळाच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. धुराड्यात धूर ज्या नियमाने चढतो त्याच नियमाने अख्खे घर काम करू लागते. घर ५ मीटर उंच असेल आणि आतबाहेर २५ अंशांचे अंतर असेल, तर तळ आणि माथा यांच्यातला हा फरक ५ पास्कलच्या आसपास जातो. आकडा किरकोळ वाटतो, पण वारा पडतो आणि सुटतो, हा दाब मात्र हिवाळा असेपर्यंत अहोरात्र टिकून राहतो.

यातून एक गोष्ट निघते आणि या सगळ्या विषयात ती सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. माणसाला जाणवतो तो केवळ आत येणारा वारा. घोट्याला गार झुळूक लागते, खिडकीशी बसले की मान आखडते, दाराखालून येणारी थंडी चटईवर बसलेल्या मुलाला बाधते. बाहेर पडणारी हवा छताच्या अंगाने जाते, ती खोलीइतकीच उबदार असते आणि कोणाच्याही अंगाला लागत नाही. आत जेवढी येते तेवढीच बाहेर जाते, आणि वरची वाट बंद केली की खालून येणारी हवाही मंदावते. खालच्या खिडकीशी कुडकुडणाऱ्या माणसाच्या तक्रारीचे मूळ दोन मजले वर, पोटमाळ्याच्या सैल झाकणात असू शकते.

नुकसान किती होते याचा हिशेब अवघड नाही. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १.२ किलोज्यूल लागतात. ३०० घनमीटर पोटाचे मध्यम घर धरावे, त्यातली सगळी हवा तासाला एकदा बदलते असे मानावे आणि बाहेर आतल्यापेक्षा २० अंश कमी तापमान असावे. मग आत येणारी हवा तापवत राहण्यासाठीच सुमारे २ किलोवॉट खर्ची पडतात, म्हणजे एक मोठा हीटर थंडी सरेपर्यंत न थांबता चालू. तीच अदलाबदल तीन तासांत एकदा अशी मंद केली तर हा खर्च ७०० वॉटच्याही खाली येतो. शिवाय हलती हवा स्थिर हवेपेक्षा गार वाटते. थंडीत सेकंदाला ०.२ मीटरपेक्षा जास्त वेगाची झुळूक बसलेल्या माणसाला नकोशी होते आणि तो हात लांबवून तापमान आणखी दोन अंश चढवतो. फटीचा खरा खर्च इथे आणखी वाढतो.

ही जाण जुनी आहे. उत्तरेकडच्या लाकडी ओंडक्यांच्या घरांत दोन ओंडक्यांच्या मध्ये शेवाळ ठासून भरत. रशियात खिडक्यांना दुहेरी चौकटी असत. शरद ऋतू संपत आला की दोहोंच्या मध्ये कापूस पसरायचा, सांध्यांवर कागदाच्या पट्ट्या पिठाच्या खळीने किंवा साबणाने चिकटवायच्या आणि वसंतात सगळे सोलून काढायचे, असा घराघरांतला नेम होता. त्याच खिडकीच्या वरच्या भागात एक लहान उघडते तावदान असे, ‘फोर्तोच्का’. त्यावर पट्टी चिकटवत नसत. कडाक्याच्या थंडीतही ते रोज काही वेळ उघडले जाई. कोरियात दाराच्या कडांना तुतीच्या सालीच्या कागदाची अरुंद पट्टी लावत, तिला ‘मुनपुंगजी’ म्हणतात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरला चिल्ले कलानचे चाळीस दिवस सुरू होतात, तेव्हा आजही अनेक घरांच्या खिडक्यांवर प्लास्टिकचे कागद ताणून बसवलेले दिसतात. साधने गरिबाघरची आहेत, पण त्यांच्यामागची समज पक्की आहे. सगळे बंद करायचे, आणि एक वाट आपल्या हातात ठेवायची.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली. धूर ओकणाऱ्या धुराड्यांवर त्यांनी १७८५ साली यान इंगेनहाउस या शास्त्रज्ञाला एक दीर्घ पत्र लिहिले. धूर खोलीत परतण्याचे पहिलेच कारण त्यांनी दिले ते नव्या आणि चोख बांधलेल्या घराचे. सुताराच्या हातून नुकत्याच निघालेल्या खोलीत फळ्यांचे सांधे इतके घट्ट असतात की विस्तवाला लागणारी हवा आत येऊच शकत नाही, मग धूर वर चढणार कसा? गळके घर अजाणता धुराड्याला हवा पुरवत असते. ते घट्ट केले की ती हवा दुसरीकडून, जाणूनबुजून द्यावी लागते. फ्रँकलिन यांना मोकळ्या हवेचे वेडच होते. सप्टेंबर १७७६ मध्ये ब्रिटिश ॲडमिरल हाव यांच्या भेटीला जाताना ते आणि जॉन ॲडम्स न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक इथे एका खाणावळीच्या लहानशा खोलीत मुक्कामाला होते. ॲडम्स यांनी रात्रीच्या हवेच्या भीतीने खिडकी लावली आणि फ्रँकलिन यांनी ती उघडायला लावली. सर्दी बंद खोलीतल्या कोंदट हवेने होते, गार हवेने नाही, ही आपली उपपत्ती फ्रँकलिन सांगत राहिले आणि ऐकता ऐकता ॲडम्स झोपी गेले. हा प्रसंग ॲडम्स यांनीच आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे.

पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कोळसा, मग तेल आणि वायू इतके स्वस्त झाले की श्रीमंत देशांत फटींकडे पाहण्याची गरजच उरली नाही. घर थंड वाटले की भट्टी मोठी बसवायची. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत त्याची किंमत जवळजवळ चौपट झाली, तेव्हा ही सवय अंगलट आली. स्वीडनने १९७५ च्या बांधकाम नियमांतच घराच्या हवाबंदपणाला मर्यादा घालून दिली. अमेरिकेत १९७६ मध्ये गरीब कुटुंबांच्या घरांच्या फटी सरकारी खर्चाने बुजवण्याची योजना कायद्याने सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. २ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरीचा कार्डिगन घालून दूरचित्रवाणीवर आले. घरे दिवसा ६५ अंश फॅरनहाइट आणि रात्री ५५ अंशांवर ठेवा, असे त्यांनी देशाला सांगितले. कार्डिगनची चर्चा खूप झाली. त्याच सुमारास प्रिन्स्टनजवळच्या एका साध्या वसाहतीत चाललेल्या कामाची तेवढी झाली नाही, पण टिकाऊ ज्ञान तिथून आले.

ती वसाहत म्हणजे न्यू जर्सीतल्या ईस्ट विंडसरमधली ट्विन रिव्हर्स. एकाला एक लागून असलेली दोन मजली घरे, खाली तळघर, वर पोटमाळा, तळघरात गॅसची भट्टी. शेकडो घरे जवळजवळ एकाच नकाशाची. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट सोकोलो यांच्या गटाने या वसाहतीला प्रयोगशाळा केले आणि १९७०च्या दशकात कित्येक वर्षे तिथल्या घरांत राहत्या माणसांसह मोजमापे घेतली. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा रंग-वास नसलेला वायू घरात अगदी अल्प प्रमाणात सोडायचा आणि तो किती वेगाने विरळ होतो ते पाहायचे. त्यावरून घरातली हवा किती वेळात बदलते ते कळे. पहिलाच निष्कर्ष नियोजनकारांना विचारात पाडणारा होता. एकसारख्या दोन घरांच्या इंधनात दुपटीचा फरक सहज सापडे, आणि घरात नवे कुटुंब राहायला आले की खपाचा आकडाही त्याच्याबरोबर बदले. भिंती त्याच, खिडक्या त्याच. फरक माणसांच्या सवयींचा होता.

दुसरा निष्कर्ष पोटमाळ्यात सापडला. या घरांच्या छतावर काचतंतूंच्या गाद्या अंथरलेल्या होत्या. त्यांच्या जाडीवरून छतातून किती उष्णता निसटावी याचा हिशेब ठरलेला होता. प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट उष्णता वर जात होती. जान बेया, गौतम दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा कारण समोर आले. भट्टीच्या धुराड्याभोवती तळघरापासून पोटमाळ्यापर्यंत एक पोकळ खांचा उघडा होता. दोन घरांमधली सामाईक भिंत पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांची होती आणि त्या पोकळ्याही माळ्यात उघडत होत्या. गाद्या आपल्या जागी अंथरलेल्याच होत्या, ऊब त्यांना वळसा घालून जात होती. गोधडी अंगावर आहे पण पायाशी उचललेली आहे, अशातला तो प्रकार. नकाशात हे खांचे कोणी गळतीची वाट म्हणून दाखवलेले नव्हते. सुतार, गवंडी आणि नळकाम करणारा यांच्या कामांच्या सीमेवर ते आपोआप तयार झाले होते, आणि अशा सीमेवरच्या जागेची जबाबदारी कोणाचीच नसते.

त्याच गटातल्या फ्रँक सिंडेन यांनी एका घरावर सगळे उपाय एकत्र करून पाहिले. फटी बुजवल्या, पोटमाळ्याच्या वाटा बंद केल्या, उष्णतारोधक थर वाढवला, खिडक्यांना आतून झाकणे केली. घर तापवण्याची गरज दोन-तृतीयांशाने उतरली. त्यात नवा शोध लागलेले यंत्र एकही नव्हते. हातांनी, चिकाटीने, कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन केलेले काम होते ते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा कामाला मान मिळत नाही, आणि तो मिळायला हवा. आज न्यू जर्सीच्या याच पट्ट्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधून तिथे गेलेल्या माणसाला पोटमाळ्याचे झाकण, तळघराची कड आणि भट्टीचा खांचा हे घराचे अवयव पहिल्यांदाच भेटतात, आणि पहिल्या हिवाळ्याचे बिल आल्यावर ते समजून घ्यावेच लागतात.

गळती मोजण्याचे सोपे साधनही त्याच काळात तयार झाले. स्वीडनमध्ये खिडकीत पंखा बसवून घरातला दाब बदलण्याची रीत होती. ती प्रिन्स्टनला पोहोचल्यावर पंखा खिडकीतून दारात आला. बाहेरच्या दारात कापडी पडदा घट्ट ताणायचा, त्यात पंखा बसवायचा आणि आतबाहेर ५० पास्कलचा फरक पडेपर्यंत तो फिरवायचा. ताशी तीसेक किलोमीटरचा वारा घरावर एकाच वेळी सगळ्या बाजूंनी आदळला तर जेवढा दाब पडेल तेवढा हा असतो. या दाबाला घरातली हवा तासात किती वेळा बदलते हा त्या घराचा आकडा. स्वीडनच्या नियमांत स्वतंत्र घरासाठी मर्यादा ३ होती. कॅनडातल्या रिजायना इथे १९७७ मध्ये हॅरॉल्ड ऑर आणि सहकाऱ्यांनी बांधलेले सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउस ०.८ पर्यंत पोहोचले. जर्मनीतल्या डार्मस्टाट-क्रानिशस्टाइन इथे १९९०-९१ मध्ये वोल्फगांग फाइस्ट यांनी पॅसिव्ह हाउसचे पहिले घर उभे केले. त्यातून आलेल्या मानकात ०.६ ही कमाल मर्यादा आहे. पंखा चालू असताना घरातून हात फिरवत गेले की एरवी कधीच न जाणवणाऱ्या फटी, अगदी बाहेर हवा काढणाऱ्या वरच्या फटीसुद्धा, आत फुंकर मारू लागतात. या साधनाचे खरे महत्त्व त्यातच आहे. न दिसणारी अर्धी बाजू ते उघडी पाडते.

असा पंखा सगळ्यांच्या हाताशी नसतो. थंड, वाऱ्याच्या दिवशी सगळ्या खिडक्या लावून, न्हाणीघराचा पंखा चालू करून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवली तरी पुष्कळ कळते. धूर सरळ चढत असेल तर तिथे काही नाही. आडवा पळाला तर फट आहे. एक फसगत इथे टाळायला हवी. थंड काचेला टेकलेली हवा गार होऊन खाली उतरते आणि खिडकीत काडीचीही फट नसताना पायांना झुळूक लागते. धूर काचेवरून खाली घसरत असेल तर दोष काचेचा आहे. तिथे पट्टी लावून उपयोग नाही, जाड पडदा, दुसरे तावदान किंवा आतून ताणून बसवलेली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म हवी. दारासाठी आणखी सोपी परीक्षा म्हणजे कागदाची चिठ्ठी दारात धरून दार लावायचे. चिठ्ठी सहज ओढून निघाली तर तिथे दार चौकटीला टेकत नाही.

मग येतो तो सांध्यांतला फरक, आणि बहुतेक चुका इथेच होतात. काही सांधे हलत नाहीत: चौकट आणि भिंत, तावदान आणि लाकूड, भिंतीतून आरपार गेलेला नळ. हे कायमचे भरायचे असतात. काचेच्या कडेला लुकण, चौकटीच्या कडेला लवचिक सीलंट, मोठ्या पोकळीत फुगणारा फोम. भट्टीच्या तापणाऱ्या नळीभोवती किंवा धुराड्याभोवती मात्र हा फोम चालत नाही, कारण तो पेट घेतो. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारे सीलंट हवे. दुसरे सांधे हलते असतात: दाराची फळी आणि चौकट, खिडकीची झडप आणि तिची खाच. इथे दाबली जाणारी आणि दाब सुटला की पुन्हा उभी राहणारी पट्टी लागते. चिकट पाठीची फोमची पट्टी सर्वांत स्वस्त, पण एक-दोन हिवाळ्यांत चपटी होऊन भुगा होते. रबराची पोकळ पट्टी महाग पडते आणि कित्येक वर्षे टिकते. सरकत्या खिडक्यांना घासली जाणारी पट्टी टिकत नाही, तिथे ब्रशसारखी दाट केसांची पट्टी लागते. पट्टीची जाडी फटीपेक्षा थोडीच जास्त असावी. फार जाड पट्टी लावली की कडी बसत नाही, दार जोराने ओढावे लागते, बिजागऱ्या ढिल्या होतात आणि वर्षभरात फट आधीपेक्षा मोठी होते. लाकूड पुसून, जुना रंग खरवडून, कोरडे करूनच पट्टी चिकटवावी. पट्टी कोपऱ्यात तोडू नये. चारही कोपरे सलग जुळले नाहीत तर बाकीची मेहनत वाया जाते, कारण हवा राहिलेली एकच वाट शोधून काढते.

दाराचा तळ ही सर्वांत अवघड जागा. तिथे चौकट नसते, जमीन समपातळीत नसते आणि दार रोज तिच्यावरून फिरते. रबराची किंवा ब्रशची पट्टी दाराच्या तळाला ठोकावी लागते. मराठी घरांत या जागी उंबरा असे. त्याला हळदीकुंकू वाहण्याचा मान मिळाला, रांगोळी त्याच्याशी काढली गेली, पण त्याचे रोजचे काम दाराच्या तळाची फट झाकण्याचे आणि पाणी, धूळ, किडामुंगी बाहेर ठेवण्याचे होते. नव्या फ्लॅटच्या आतल्या दारांचा उंबरा गेला आणि ती फट उघडी पडली.

कामाचा क्रम मात्र हाताला जे लागते त्यावर ठरवू नये. आधी माथा, मग तळ, शेवटी मधली दारे-खिडक्या. पोटमाळ्याच्या झाकणाला पट्टी आणि वरून उष्णतारोधक फळी, धुराड्याचा खांचा, दिव्यांच्या छतातल्या पेट्या, मग तळघरात पाया आणि लाकडी सांगाडा जिथे टेकतो ती कड. माळ्यातली काचतंतूंची गादी उचलून पाहावी; जिथे ती काळीकुट्ट झालेली दिसेल तिथे खालून हवा वर जाते आहे, कारण धूळ गादीत गाळली गेली आहे. दुकानात मिळणारी पट्टी खिडकीची असते म्हणून लोक खिडकीपासून सुरुवात करतात. घराला त्यातून थोडाच फायदा होतो.

घट्ट केलेल्या घराची जबाबदारी मोठी असते. चार माणसांच्या कुटुंबाचा श्वास, स्वयंपाक, अंघोळ आणि वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. पूर्वी ते फटींतून जात असे, आता ते काचेवर आणि गार कोपऱ्यांत दवासारखे जमते आणि मागोमाग बुरशी येते. तेलटंचाईनंतर काटकसरीच्या भरात अमेरिकी अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संस्थेने कार्यालयांसाठी ताज्या हवेचे किमान प्रमाण १९८१ मध्ये माणशी मिनिटाला ५ घनफुटांपर्यंत खाली आणले होते. ते १९८९ मध्ये २० घनफूट करावे लागले. दरम्यान डोकेदुखी, चुरचुरणारे डोळे आणि थकवा यांनी त्रस्त माणसांच्या इमारतींना ‘आजारी इमारत’ हे नाव मिळाले होते. सर्वांत मोठा धोका विस्तवाचा. जळणाऱ्या गॅसला, लाकडाला किंवा कोळशाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, तो खोकलाही आणत नाही. फटी बुजवण्याआधी घरातला प्रत्येक विस्तव आपली हवा कुठून घेतो आणि धूर कुठे सोडतो ते पाहिलेच पाहिजे.

जर्मनीत यावर रोजची रीत आहे. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि पाच-दहा मिनिटांत लावून टाकायच्या. यामागे पक्के गणित आहे. हवेत उष्णता फार थोडी साठते, भिंती, जमीन आणि सामान यांत पुष्कळ. पाच मिनिटांत हवा सगळी बदलते, पण भिंतींना गार व्हायला वेळच मिळत नाही; खिडकी लागताच त्या नवी हवा तापवतात. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर उलट भिंतीच गार होतात. अतिशय घट्ट घरांत हेच काम यंत्र करते. बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी गार हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात आणि बाहेर जाणाऱ्या उबेचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग आत परततो. घर गळके असेल तर हे यंत्र निरुपयोगी ठरते. हवा यंत्रातून जावी यासाठी तिला दुसरी वाट नसावी लागते.

महाराष्ट्रात प्रश्नाची दिशाच बदलते. कोकणातले कौलारू घर हवेशीर राहावे म्हणूनच तसे बांधलेले आहे. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा वर निघून जाते, आणि पावसाळ्यापुरता वाऱ्याकडच्या पडवीला विणलेल्या झापांचा आडोसा पुरतो. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये आलेल्या ‘इको निवास संहिते’नेही हे ओळखले आहे. तिच्यात खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या मानाने उघडणाऱ्या जागेचे किमान प्रमाण ठरवून दिले आहे, आणि उष्ण-दमट प्रदेशात ते सर्वाधिक, १६.६६ टक्के आहे. विदर्भातल्या कूलरला तर उघडी खिडकी लागतेच. कूलर आत फेकतो ती हवा पाण्याने भरलेली असते. तिला समोरच्या बाजूने बाहेर जाऊ दिले नाही तर खोली तासाभरात दमट होते आणि गारवा संपतो. नाशिक-निफाडकडच्या थंडीत दाराखाली कापडाची गुंडाळी लावणे योग्यच, पण त्याच थंडीत शेगडी पेटवून खोली बंद करून झोपणे किंवा गॅस गीझर असलेल्या न्हाणीघराची झडप बुजवणे जिवावर बेतते. असे मृत्यू दर हिवाळ्यात घडतात. ती झडप फट नव्हे; ती तिथे विस्तवासाठी ठेवलेली आहे.

फट बुजवण्याचे खरे काम इथे वातानुकूलित खोलीत आहे. मुंबईच्या पावसाळी हवेत, ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला, एक किलो हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. २५ अंशांच्या सुखावह खोलीत ते ११ ग्रॅम असावे लागते. फटीतून आलेली प्रत्येक किलो हवा गार करायला सुमारे ७ किलोज्यूल लागतात, आणि तिच्यातले जास्तीचे १२ ग्रॅम पाणी काढायला त्याच्या चौपट. खोली गार आहे पण चिकट वाटते, म्हणून एसी आणखी खाली आणला जातो. जानेवारी २०२० पासून नव्या एसीची मूळ मांडणी २४ अंशांवर असते, ती दाबून १८ वर नेली जाते. त्याआधी तीन जागा पाहाव्यात: दाराचा तळ, सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या पट्ट्यांतले झिजलेले ब्रश, आणि एसीची नळी भिंतीतून जिथे बाहेर जाते ते भोक, जे बहुधा गोणपाटाने किंवा कागदाच्या बोळ्याने भरलेले असते. खिडकीच्या खालच्या रुळातली बारीक छिद्रे मात्र बुजवू नयेत. पावसाचे पाणी त्यांतूनच बाहेर निथळते. भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच ती हवा फिरवतो, तेव्हा झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर खिडकी काही मिनिटे उघडावी. खोलीला लागून असलेल्या न्हाणीघराचा पंखा चालू राहिला तर तो खोलीतली गार हवा दाराखालून ओढून बाहेर टाकतो आणि तिच्या जागी दमट हवा आत येते. अंघोळीची वाफ गेली की तो बंद करावा आणि न्हाणीघराचे दार लावून घ्यावे.